चि. केदारास, नकाशावरच्या पिवळ्या रेघेबद्दल

सातारा

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं चित्र पाहिलं. उपग्रहाचा फोटो, त्यावर आपल्या गटाची पिवळी रेघ, आणि ती गेलीय बापूकाकांच्या विहिरीच्या पलीकडून. खाली तुझा निरोप, "आई, विहीर आपल्या हद्दीत येते. तारेच्या कुंपणाचं कोटेशन मागवलंय." मागवलंस तसं रद्दही कर. फोनवर सांगितलं तर "बरं बरं" म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहिते. माझी उभी नोकरी भूमी अभिलेखच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. असल्या रेघांपायी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत.

ती रेघ आली कुठून ते आधी समजून घे. इंग्रजांच्या आधी आपल्याकडे जमीन मोजत नव्हते असं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी मोजणी केली ती काठीने. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब नि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. पण त्यातून उरायचा तो आकडा, शेताचं चित्र नव्हे. हद्द शब्दांत असायची: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचं शेत. तुझ्या फ्लॅटच्या खरेदीखतातही चतुःसीमा आहे बघ, पूर्वेस जिना, पश्चिमेस रस्ता. शब्दांतल्या हद्दीला मी हसत नाही. ओढा हलतो हे खरं, पण तो कुठून वाहायचा हे गावातल्या चार जणांना ठाऊक असतं.

शेताशेताचा नकाशा आला तो साऱ्यासाठी, म्हणजे जमिनीवरच्या करासाठी. कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८च्या सुमारास पुण्याकडे मोजणी केली. मोजमापं चुकीची आणि सारा न झेपणारा, त्यामुळे इंदापूर भागात लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३६च्या आसपास इंदापुरातच नव्याने सुरुवात केली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी बांधून दिला. पुढे तीच पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, त्यानंतर साखळी आपल्याकडेही आली.

साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. लहानपणी तू पाठ केलेला गुंठा या लोखंडी साखळीतून आलाय. शेताच्या मधून एक पायारेषा धरायची, शंकू नावाच्या साध्या उपकरणाने काटकोन साधायचा, आणि प्रत्येक कोपरा त्या रेषेपासून किती साखळ्या, किती आणे ते मोजायचं. हे आकडे जिथे लिहिले ते टिपण. त्यातली आकृती हाताने काढलेली असते, प्रमाणात नसते. खरं मोल आकड्यांना. क्षेत्राचा हिशेब गुणाकार बुकात वेगळा. आणि या सगळ्यावरून शेवटी काढला तो गावनकाशा.

आता हे नीट वाच. हद्द ठरते टिपणावरून. गावनकाशा हा नुसता आढावा, कुठला नंबर कुणाला लागून आहे एवढं सांगणारा. आपल्याकडचे कित्येक जुने नकाशे आठ इंचाला एक मैल या प्रमाणात आहेत. त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ म्हणजे जमिनीवर जवळजवळ चार मीटर, तेरा फूट! बापूकाकांची अख्खी विहीर त्या रेघेच्या जाडीत बुडेल. त्यात कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, घडीवर फाटतो. पुढे १९४७च्या कायद्याने विखुरलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण आलं, सर्व्हे नंबर जाऊन गट आले, जुन्या रेघांवर नव्या रेघा चढल्या. हे सगळं स्कॅन करून, संगणकावर गिरवून उपग्रहाच्या फोटोवर बसवलं, तेच तू पाहतोस. साखळीची मोजणी त्या त्या गावापुरती होती, अक्षांश-रेखांश तिला माहीत नव्हते. ओढून-ताणून बसवताना एक कोपरा जुळला की दुसरा सरकणारच. मोकळ्या रानात तुझ्या फोनचा निळा ठिपका तरी कुठे ठाम असतो, चार-पाच मीटर इकडेतिकडे होतोच.

म्हणजे त्या काळी अचूक मोजता येत नव्हतं म्हणतोस? छे. लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ला मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत माणसं हिमालयापर्यंत गेली. त्याचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, जवळपास अर्ध्या टनाचं होतं. तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना ते आदळून वाकलं, तर त्याने स्वतः ठोकून-ठाकून सरळ केलं. हा माणूस १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, आणि कबरही तिथेच आहे. वर्धेला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? पुढे १८५२ मध्ये याच मोजणीतले गणिती राधानाथ सिकदार यांच्या गणितातून हिमालयातलं पंधरा नंबरचं शिखर सगळ्यांत उंच निघालं. जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. आजच्या मापात आणि तिच्यात फरक तीसेक फुटांचा. शिखर मोजलं होतं शंभर मैलांहून लांबून. नाव मात्र दिलं मोजणीखात्याचे आधीचे प्रमुख एव्हरेस्टसाहेब यांचं, याचा मला अजून राग येतो.

तेव्हा कसब होतं. पण ज्याला जेवढं लागतं तेवढंच तो नकाशात घालतो. राज्य चालवायला, फौजा हलवायला डोंगर-नद्यांच्या जागा पक्क्या हव्या होत्या, म्हणून तिथे अर्ध्या टनाचं यंत्र. आपल्या रानातून हवा होता सारा, तिथे साखळी पुरली. मर्केटरने १५६९ मध्ये जगाचा नकाशा केला तो दर्यावर्दींसाठी, दिशा न बदलता जाणारी वाट कागदावर सरळ यावी म्हणून. त्यापायी ध्रुवांकडचे देश फुगले. तुझ्या फोनमधले बहुतेक नकाशे त्याच वळणाचे. ग्रीनलंड त्यात भारताहून मोठा दिसतो, प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे. आणि गावठाण? साऱ्याच्या मोजणीत घरांच्या जागेवर आकारणी नव्हती, म्हणून गावनकाशात शेतं एकेक काढलेली आणि माणसं राहतात तो भाग कोरा. एकाच आळीतल्या दोन घरांची हद्द कागदावर नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. २०२०ला स्वामित्व योजना आली आणि ड्रोन उडाले, तेव्हा कुठे गावोगावची घरं नकाशावर यायला लागली.

तुझी पिवळी रेघ काढणाऱ्याला गट शोधणं सोपं करायचं होतं. विहीर कोणाची हे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

तरी शंका असेल तर सरळ रस्ता आहे. मोजणीचा अर्ज मी इथून करते, सातबारा काढून ठेवलाय. टिपणाची नक्कलही मागते. आकडे मोडी लिपीत असले तर मला वाचता येतात, काळजी नको. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, रोव्हर हे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र घेऊन येतो, खुणा दाखवतो, मग मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. पण नोटीस बापूकाकांच्या हातात पडायच्या आधी तू त्यांना फोन कर. मी नाही, तू. "काका, हद्द एकदा दोघांच्या समोर पक्की करून घेऊ, तुम्हीही उभे राहा," एवढंच म्हण, विहिरीचं नाव काढू नकोस. तारीख कळली की सांगते, दोन दिवसांची रजा टाक. उसात फिरायचंय, पूर्ण बाह्यांचा शर्ट आण.

तुझी,
आई