प्युअर की अप्लाईड, नुसतं नाव बघून ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बीएस्सीचं शेवटचं वर्ष आलं की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हमखास विचारतात, "सर, प्युअर मॅथ्स घेऊन पुढं काय करायचं, स्कोप अप्लाईडलाच आहे की?" प्युअर म्हणजे गणितासाठीच केलेलं, सिद्धतांचं गणित, आणि अप्लाईड म्हणजे बाहेरच्या प्रश्नांना लावायचं गणित. पण घरच्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं, प्युअर म्हणजे मास्तरकी आणि अप्लाईड म्हणजे कंपनीत नोकरी. मला हे अजिबात पटत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलंच बघा ना. फाउंड्रीत साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतला की कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, कुठं आधी गार होतंय, कुठं उशिरा, त्यावर आत पोकळी राहणार का ते बरंचसं ठरतं, आणि आता हे कॉम्प्युटरवर आधीच काढता येतं. त्याच्या मुळाशी उष्णतेचं समीकरण आहे, फूरिये या फ्रेंच गणित्यानं १८२२ च्या ग्रंथात मांडलेलं, आणि ते सोडवताना तो म्हणाला की कुठलंही फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत लिहिता येतं. पण ही न संपणारी बेरीज बरोबर कधी येते? या एका प्रश्नापायी रीमान या गणित्यानं इंटिग्रलची व्याख्या पक्की केली, आणि कँटर हा दुसरा गणिती तर त्यातूनच अनंत संचांपर्यंत पोचला! सुरुवात उष्णतेपासून आणि शेवट पार प्युअरच्या गाभ्यात. उलटं पण होतं, शेजारच्या गोव्यात जन्मलेले दा. ध. कोसंबी मूळचे भूमितीवाले, म्हणजे प्युअरचे, पण जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही पिकांचे जनुकीय नकाशे करताना वापरतात.

म्हणून पोरांना माझं सांगणं असं की आधी रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा हे दोन विषय घट्ट करा, ते दोन्हीकडं लागतंच, अप्लाईड घेतलं म्हणून प्रूफं (सिद्धता) टळत नाहीत. मग स्वतःला विचारा, एप्सिलॉन-डेल्टाचं, म्हणजे लिमिटचं काटेकोर, प्रूफ आपलं आपण जमलं की बरं वाटतंय, का प्रोग्रॅम लिहून उत्तर कितपत जवळ आलं ते तपासायला जास्त आवडतंय? घरची ओढाताण आहे, लवकर पगार पाहिजे, म्हणून कुणी स्टॅटिस्टिक्स किंवा ऑप्टिमायझेशन घेतलं तर त्यातही काही कमीपणा नाही. आणि ज्याला प्युअर आवडतंय त्यानं थोडं कोडिंग आणि प्रॉबॅबिलिटी जोडीला ठेवावी, एवढंच.

खरं दुखणं वेगळंच आहे. आयआयटीत एमएस्सीला जायला जॅम नावाची परीक्षा असते, गणिताच्या पोरांसाठी एनबीएचएम म्हणजे राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची स्कॉलरशिप असते, उन्हाळ्यात एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाचे वर्ग भरतात, हे गावाकडच्या कितीतरी हुशार पोरांना बीएस्सी संपेपर्यंत कुणी सांगतच नाही, मग जवळच्या कॉलेजात जे मिळेल ते घेतात आणि नंतर प्युअर-अप्लाईडचा वाद घालत बसतात. कॉलेजवाल्यांनी हे दुसऱ्या वर्षालाच वर्गात सांगावं. तुम्ही पण दहावी-बारावीनंतर काय यावर पानंच्या पानं देता, तसं एक पान बीएस्सी गणितानंतर काय यावर द्या, जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, त्याच्या आधी आलं तर फार बरं होईल.

आपला,
गणिताचा एक शिक्षक, खानापूर