सूचना : शनिवारच्या वैद्यकीय नीती समितीच्या वर्गाबाबत

सर्व सदस्यांना आठवण. येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता सेमिनार हॉलमध्ये वर्ग आहे. विषय : आयसीयूतले उपचार थांबवण्याचा निर्णय. निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांनी आवर्जून यावे. नातेवाइकांचे प्रश्न आधी त्यांच्याच कानावर पडतात.

सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याबाबतच्या २०१८ च्या निकालातली प्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली, तरी वॉर्डात अजून जुनीच माहिती फिरते. वैद्यकीय इच्छापत्राला (स्वतः निर्णय घेता येईनासा झाल्यास कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. उपचार थांबवावेत का, यावर आधी प्राथमिक मंडळ मत देते; त्यात उपचार करणारे डॉक्टर व किमान ५ वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. मग ते मत दुय्यम मंडळ तपासते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे मात्र सुटलेले नाही.

आपल्या समितीचा सल्ला कोणीही मागू शकतो, सिस्टरसुद्धा (हे दरवेळी सांगावे लागते!). समिती फक्त सल्ला देते. ती या मंडळांची जागा घेत नाही.

चर्चेसाठी केस आणणाऱ्यांनी केसपेपरवरचे नाव, नंबर, पत्ता झाकून आणावा. ड्युटीवर असणाऱ्यांनी बदली आजच ठरवावी.

– सचिव, वैद्यकीय नीती समिती