भाता मी हलवायचे

ती. आई-बाबांस, सा. न.

फोनवर सांगायचा धीर होईना म्हणून लिहितेय. नोकरी सोडलेली नाही, हे आधी वाचा. ऑफिसला आता तीनच दिवस जाते, बाकीचे दिवस बँडमध्ये कीबोर्ड वाजवते. १ तारखेपासून सुरूही झालं. पगार कमी झाला, पण घरभाडं निघतं, डब्यात पोळी-भाजी असते, रात्री हीटर लावते. आई, जाड स्वेटरही घेतलाय.

बाबा, तो इंग्रज गायक-वादक जॉन मेयॉल, त्याच्याबद्दल मी बोलले होते ना? मँचेस्टरजवळच, चीडल ह्यूमला वाढला. वडिलांकडे जॅझच्या तबकड्यांचा ढीग. त्या ऐकतच पोरगा ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या, नादी लागला. घरामागच्या झाडावर खोपटं बांधून चक्क तिथे राहायचा! (मी माळ्यावर झोपायचा हट्ट धरला, तर तुम्ही शिडीच काढून नेलीत.) तोही माझ्यासारखा ग्राफिक डिझायनर. १९६३ मध्ये, तिशी गाठता गाठता, ॲलेक्सिस कॉर्नर या ब्लूज वादकाच्या आग्रहावरून लंडनला गेला. आधी नोकरी सांभाळून वाजवलं, मग पूर्ण वेळ. मी तर बत्तिसाव्या वर्षी अर्धंच पाऊल टाकलंय.

त्याच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये कुणी गिटारवाला टिकायचा नाही. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन गेला, पुढच्या वर्षी पीटर ग्रीन, १९६९ मध्ये मिक टेलर थेट रोलिंग स्टोन्स या बड्या बँडमध्ये. वरच्या आळीच्या भजनी मंडळाने तुमचा तबलजी पळवला, तेव्हा आठवडाभर तुम्हाला जेवण गोड लागलं नव्हतं. हा दर वेळी नवा गिटारवाला शोधायचा. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातलं घर जळालं, जन्माचा संग्रह गेला. तरी पंच्याऐंशी ओलांडून दौरे करत होता. २०२४ मध्ये गेला. नव्वदीचा होऊन, उपाशी राहून नाही.

दिवाळीला मात्र येणं जमणार नाही. रागावू नका. गणपतीत तुमच्या मांडीला टेकून पेटीचा भाता मी हलवायचे, जोरात हलवला की तुम्ही न बघता गुडघ्यावर टिचकी मारायचात. अजून घाई झाली की ती टिचकी बसते.

आता ऐका. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. बीपीची गोळी सकाळीच घे, चहाआधी की नंतर ते डॉक्टरांना विचार, शेजारच्या काकूंना नको. बाबा, टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही. माणूस बोलवा, पैसे मी पाठवते. तेवढे आहेत.

आणि भात्याचं भोक मिरजेला नेऊन बुजवून घ्या. रविवारी फोन करेन, तेव्हा काळी चार धरून बसा. फोनवर ताल मागेपुढे होतो, होऊ दे.

तुमची,
चिमी