वॉर्ड ओपन झाला म्हणजे बाईचं काम संपलं का?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या तालुक्याच्या सरपंच आरक्षण सोडतीची बातमी आली होती, कुठलं गाव महिला, कुठलं सर्वसाधारण, सगळी यादी. ती वाचली आणि राहवेना म्हणून लिहितेय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव वॉर्डातून निवडून आले होते.

पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात गेलं. मासिक सभेत ग्रामसेवक प्रोसिडिंग वाचायचे, बंधित निधी (ठरलेल्या कामालाच वापरायचा), अबंधित निधी (गरजेप्रमाणे वापरायचा), प्रशासकीय मान्यता, मला काही म्हणता काही कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. मग एकदा धीर करून विचारलं, तेव्हा कळलं की पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागायचा. म्हणजे आमच्या आळीला उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येतं त्यासाठी पैसा आहे, फक्त कुणीतरी मागितला पाहिजे. मी तो विषय सोडलाच नाही. ठराव झाला, काम निघालं, आणि एका दुपारी मी शिलाईची टेप घेऊन चरापाशी गेले तर इस्टिमेटमध्ये चार इंची पाइप आणि खाली टाकलेला अडीच इंची. ठेकेदार म्हणाला, वहिनी तुम्ही कशाला उन्हात आलात. मी सभेत बिल अडवलं, दोन महिने बोलणी खाल्ली, घरात पण कुरबुर झाली, पण पाइप बदलून घेतला. आज त्या आळीतल्या बायका घागरी घेऊन विहिरीवर जात नाहीत, हे मी अभिमानाने सांगते.

आणि मग टर्म संपली, वॉर्डाचं आरक्षण फिरलं. पॅनलच्या, म्हणजे गावात एकत्र निवडणूक लढवणाऱ्या आमच्या गटाच्या बैठकीत मला सांगितलं, ताई, वॉर्ड आता ओपन झालाय, यावेळी दुसऱ्याला चान्स देऊ. कुणी वाईट बोललं नाही, चहा दिला, आभार पण मानले. पण मला सांगा, ओपन म्हणजे पुरुषांचा असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? ओपन म्हणजे कुणीही उभं राहू शकतं, बाईसुद्धा. तरी आमच्याकडे सर्रास असंच धरतात की राखीव असेल तर बाई, नाहीतर बाप्या. मग शेजारच्या वॉर्डात नवी बाई येते, तिला परत अबंधित निधी म्हणजे काय इथपासून सुरुवात, आणि जिला पाच वर्षांत सगळं समजलं ती घरी. माझ्या मते बायका वरपर्यंत का पोचत नाहीत याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि यावर कुणी बोलतच नाही.

आपल्या राज्याने 2011 ला स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना 50 टक्के जागा दिल्या, चांगलंच केलं. पण विधानसभेत बघा, 288 आमदारांत 2019 ला 24 बायका निवडून आल्या आणि 2024 ला तर त्याहूनही कमी. खाली निम्म्या आणि वर दहातली एक पण नाही, मग मधे ह्या सगळ्या जातात कुठे? 1960 पासून महाराष्ट्रात एकदाही महिला मुख्यमंत्री झाली नाही. शेजारच्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर 1973 लाच मुख्यमंत्री झाल्या होत्या, पण तिथेही 2022 ला 40 पैकी फक्त 3 महिला आमदार आल्या. 2023 ला संसदेने लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना 33 टक्के जागा राखण्याचा कायदा केला, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना अशी अट घातली. तिकीट द्यायला कुठल्याही पक्षाला जनगणनेची वाट बघायची गरज नाही, ते आजही देऊ शकतात.

लोक सरपंचपतीचं उदाहरण देतात, बाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा. खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. नात्यातल्या एका गावात सरपंच बाईंच्या डिजिटल सहीचा डोंगल नवऱ्याच्या शर्टच्या खिशात असतो, पेमेंट तोच टाकतो, त्यांना मोबाईलवर ओटीपी आला की त्या स्वयंपाकघरातून नुसता आकडा सांगतात. पण त्यांना कुणी कॉम्प्युटरसमोर बसवलं का कधी? आणि जी स्वतः कारभार करते तिला तरी नीट करू देतात का? जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच बाईंना सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून पदावरून काढलं होतं, त्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या तेव्हा 2024 च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाने त्यांना पद परत दिलं आणि स्पष्ट सांगितलं की बाई सरपंच झाली हेच गावातल्यांना पचलं नाही. प्रत्येकीला दिल्लीपर्यंत जाणं जमणार आहे का?

माझी पक्षांना आणि गावोगावच्या पॅनलवाल्यांना कळकळीची विनंती आहे, की जिने एक टर्म नीट काम केलंय तिला ओपन वॉर्डातून उभी करा, झेडपीला करा, पंचायत समितीला करा. आणि तुमच्या पेपरला पण विनंती, सोडतीच्या याद्या छापता तशी मागच्या टर्मच्या किती महिला सदस्यांना ओपनमधून परत तिकीट मिळालं ती पण यादी एकदा छापा, नावं मोजायला फार वेळ लागणार नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या फाइलला लावल्यात, मतदार यादी मागवलीय. त्याच वॉर्डातून, ओपनमधून अर्ज भरणार आहे. पॅनलने घेतलं तर त्यांच्याकडून, नाही घेतलं तर अपक्ष.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य, जि. सातारा