आईंना बसमध्ये स्कूटर लावायला शिकवणाऱ्या काकांस

तीर्थस्वरूप काका यांस,
शि. सा. नमस्कार.

अमेरिकेहून परत आल्यावर आम्ही पेढे घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा "अहो, त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय कामाटीबागेतल्या गर्दीवर नेलात. समोर बसून तुमचे आभार मानणं कुणालाच जमत नाही, म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन अमेरिकेतल्या थीम पार्कला निघालेली घरं आपल्या बडोद्यात आता पुष्कळ आहेत, आणि तुम्ही जे सांगितलंत ते त्यांना तिकिटं काढून देणारा कुणी सांगत नाही.

धाकट्या दिरांनी सगळ्यांना ऑर्लँडोला बोलावलं तेव्हा आईंनी लगेच जाहीर केलं होतं, "मी खोलीवर बसेन. जप करेन. तुम्ही फिरून या." घरात त्या काठी घेऊन व्यवस्थित वावरतात, पण तिथलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे सुमारे १०० चौरस किलोमीटरचा पसारा. चार वेगवेगळे पार्क, आणि एकेका पार्कात दिवसभर पायपीट. आम्ही चाकाच्या खुर्चीची चौकशी करत होतो. हे तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही तुमची स्कूटर, म्हणजे चालता न येणाऱ्यांनी बसून चालवायची बॅटरीवरची गाडी, घेऊन थेट आमच्या वाड्याच्या दारात हजर झालात. "ढकलणार कोण?" एवढंच विचारलंत. ह्यांनी "मी ढकलेन" म्हटल्यावर तुम्ही आईंकडे वळलात. "वहिनी, ढकलणाऱ्याला जिकडे जायचं असतं तिकडे खुर्ची जाते. तुम्हाला एखादं झाड बघत थांबायचं असलं तर दर वेळी सांगावं लागेल. चालेल?" आई काही बोलल्या नाहीत. मग तुम्ही त्यांना लूनाची आठवण करून दिलीत. मांडवीच्या गर्दीतून लूनावर भाजी आणणारी बाई चार चाकांच्या स्कूटरला काय घाबरणार! तिथेच त्या अर्ध्या तयार झाल्या.

पुढची जी माहिती तुम्ही दिलीत, तिच्यावर आमची सगळी सहल उभी होती. पार्कच्या दारात भाड्याने मिळणारी स्कूटर त्या पार्कच्या बाहेर नेता येत नाही. म्हणजे हॉटेलच्या खोलीपासून बसथांब्यापर्यंत, बसमध्ये आणि उतरल्यावर पार्कच्या फाटकापर्यंत माणूस आपल्या पायांवरच. ज्याला चालवत नाही त्याची दमछाक तिथेच होते. म्हणून बाहेरच्या भाड्याच्या कंपनीकडून, हॉटेलवर आणून देणाऱ्याकडून स्कूटर घ्या, असं तुम्ही बजावलंत. घेताना वेग आणि वजन नंतर विचारा, आधी लांबी-रुंदी विचारा. तिथल्या बसमध्ये ३० इंच रुंद आणि ४८ इंच लांब एवढ्याच मापाची गाडी बसते. आरामशीर म्हणून जी मोठी मॉडेलं दाखवतात त्यांतली काही या मापाबाहेर जातात, आणि मग थांब्यावर उभं राहून बस जाताना बघावी लागते. लेकीकडे राहून तुम्ही हे सगळं स्वतः केलेलं होतं, त्यामुळे तुमच्या बोलण्यात "बहुतेक" हा शब्द नव्हता.

त्यानंतर तुम्ही खडू मागितलात.

आमच्या अंगणातल्या फरशीवर तुम्ही अडीच फूट बाय चार फुटांचा चौकोन आखून घेतलात. शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लावलीत, त्या म्हणजे बसमधली माणसं. तुळशीवृंदावन म्हणजे बसमधला खांब. आईंनी खुर्च्यांमधून पुढे जायचं, वळायचं आणि उलट घेत स्कूटर त्या चौकोनात भिंतीला समांतर लावायची. "माणसांना धक्का लागला तर माफी मागता येईल, वहिनी. तुळशीला लागायला नको," असं तुम्ही म्हणालात आणि आईंचा चेहरा असा झाला की जणू परीक्षेला बसल्या आहेत.

उजव्या अंगठ्याखालची पट्टी दाबली की पुढे, डावीकडची दाबली की मागे, दोन्ही सोडल्या की गाडी जागच्या जागी थांबते. वेगासाठी गोल बटण, त्याच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा. "रॅम्पवर कासव. बसमध्ये कासव. गर्दीत कासव," हे तुम्ही इतक्या वेळा म्हटलंत की आमचा धाकटा ते पाढ्यासारखं म्हणायला लागला. आईंची मान मागे वळत नाही, हे लक्षात आल्यावर तुम्ही शिकवण्याची पद्धतच बदललीत. मागे बघूच नका, बाजूच्या खडूच्या रेघेवर नजर ठेवा आणि रेघ व चाक यांत चार बोटांचं अंतर राहू द्या. मग तुमच्या दारातल्या लाकडी रॅम्पवर चढण्या-उतरण्याचा सराव. कोपरं आत, पावलं पायाखालच्या पाटीवर, चढताना अंगठा मध्येच सोडायचा नाही.

स्कूटरच्या मागच्या बाजूला असलेला छोटा दांडा तुम्ही आईंना नाही, आम्हाला दाखवलात. तो फिरवला की मोटर सुटते आणि गाडी हाताने ढकलता येते, पण त्याबरोबर ब्रेकही सुटतो. "मदतीला धावणारा माणूस नेमका याला हात लावतो. उतारावर कुणालाही लावू देऊ नका." ऑर्लँडोत एका भल्या गृहस्थांनी खरंच तो दांडा धरला होता. ह्यांनी धावत जाऊन त्यांचा हात बाजूला केला. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही त्यांना थँक्यू म्हणत उभे राहिलो असतो.

आणि पदर! तिकडच्या कुठल्याही माहितीपत्रकात हे नसणार. दुचाकीच्या चाकात ओढणी आणि पदर अडकून काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण या स्कूटरची मागची चाकंही बसलेल्या माणसाच्या साडीच्या अगदी जवळ असतात, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पदर खांद्यावर पिन करून पुढून कमरेला खोचायचा आणि निऱ्या पायाखालच्या पाटीच्या आत ठेवायच्या, असा तुमचा हुकूम. आई सगळीकडे सुती साडीतच फिरल्या आणि एकदाही काही अडकलं नाही.

काकूंनी एक गोष्ट मला नंतर सांगितली. तुम्ही ती कधीच सांगितली नसतीत. रोज संध्याकाळी तुम्ही स्कूटर घेऊन सुरसागरच्या काठाला जाता, मित्रांत बसता, परत येता. दिवसभरात घराबाहेर पडण्याची तुमची ती एकच वेळ. आईंचा सराव चालू होता तेवढ्या सगळ्या संध्याकाळी तुम्ही आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसून होतात, कारण तुमची गाडी आईंकडे होती. काका, ती स्कूटर म्हणजे तुमचे पाय आहेत. ते काढून तुम्ही आमच्या आईंना दिलेत आणि वर "मला कुठे जायचंय" म्हणालात. हे कळलं त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

आईंची खरी भीती मात्र गाडीची नव्हती. "माझ्यासाठी सगळी बस खोळंबेल. लोक काय म्हणतील?" हे त्यांचं पालुपद. तुम्ही त्यावर चिडलात, तेवढे चिडलेले मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. बसमध्ये रॅम्प किंवा लिफ्ट असणं, चाकाची खुर्ची पट्ट्यांनी बांधायला जागा असणं आणि ड्रायव्हरने ते बांधून देणं, हे सगळं त्यामागोमाग नियमात आलं. ते कुणी उपकार म्हणून दिलेलं नाही, त्यासाठी तिथली अपंग माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरली. हे सांगून तुम्ही म्हणालात, "वहिनी, रॅम्प उघडायला जो वेळ लागतो तो बसचा वेळ आहे. तुमचा नाही. कुणी पुटपुटलं तर पुटपुटू दे."

आणि पुटपुटले, काका. मॅजिक किंगडम या पार्कातली रात्रीची आतषबाजी संपल्यावर सगळा जमाव एकदम बसथांब्यावर आला. पहिल्या बसमधल्या स्कूटरच्या दोन्ही जागा आधीच भरल्या. तुम्ही सांगून ठेवलं होतं, जागा भरल्या की पुढची बस, रागवायचं नाही. आम्ही थांबलो. पुढची बस आली, ड्रायव्हर बाई खाली उतरल्या, रॅम्प उघडला आणि आईंना हाताने खूण केली. तिथे स्कूटरवाल्यांना आधी चढवतात, आणि घरच्या माणसांनाही बरोबर घेतात. मागच्या रांगेतून कुणीतरी आवाज चढवून काही म्हणालं. आईंना शब्द कळले नसतील, सूर नक्की कळला. त्या क्षणभर थांबल्या. मग बटण कासवाकडे फिरवलं, टक् असा आवाज मला ऐकू आला, आणि त्या रॅम्पवरून वर गेल्या.

आत बाकडं वर उचलून जागा केलेली होती. ड्रायव्हर बाई हात पुढे करून उभ्या होत्या, वळवायला मदत करावी म्हणून. आईंनी पुढे घेतली, थांबल्या, डावा अंगठा दाबला. बीप बीप करत स्कूटर मागे सरकली आणि भिंतीला समांतर जाऊन थांबली. एका फेऱ्यात. बाईंनी पुढे केलेले हात खाली घेतले, हसल्या आणि चाकाशी वाकून पट्ट्या अडकवायला लागल्या. आईंनी शेजारच्या खांबाकडे बघितलं आणि आमच्या धाकट्याला म्हणाल्या, "तुळस वाचली रे!"

बाकीचं तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. मोनोरेलच्या फलाटावर माणूस छोटा रॅम्प आणून टाकतो. मोठ्या फेरीबोटीत स्कूटर सरळ आत जाते, काही लहान बोटींत जात नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या रोपवेचे पाळणे एरवी थांबतच नाहीत, पण चाकाच्या खुर्च्यांसाठी पाळणा बाजूला घेऊन उभा करतात, हे बघून दीरही चकित झाले. विजा चमकायला लागल्या की तो रोपवे बंद ठेवतात आणि पुन्हा बसच गाठावी लागते. पाऊस आला तेव्हा हँडलवरच्या बटणांना घालायला तुम्ही दिलेली प्लास्टिकची पिशवी कामी आली. पुढच्या टोपलीत तुमच्यासाठी घेतलेली चॉकलेटं आणि आमचा लिलो चिवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) सुखरूप होता.

पण एपकॉट या पार्काचं मात्र पुन्हा लिहिते, कारण तुमचं झाडाचं वाक्य तिथे खरं झालं. तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे आहेत, पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची. आईंनी ती सगळी केली. जपानच्या बागेत त्या इतका वेळ थांबल्या की मुलं कुरकुरायला लागली, आणि आई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." गेल्या कित्येक वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. बाहेर पडलं की त्यांचं एकच असायचं, "मला इथेच कुठेतरी बसवा."

परत आल्यापासून मला आपल्याकडच्या बसच्या पायऱ्या डोळ्यांत खुपतात. आपल्या देशातही २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे, त्यात वाहतुकीची साधनं आणि थांबे सगळ्यांना वापरता येतील असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. शेजारी अमदावादला जनमार्ग या जलद बससेवेचे थांबे बसच्या मजल्याच्या उंचीला बांधले गेले, म्हणजे आपल्याला हे येत नाही असंही नाही. तरी तुम्ही दांडिया बाजारातून जिथवर बॅटरी पुरेल तिथवरच जाता. ज्या माणसाने माझ्या सासूबाईंना परक्या देशातल्या बसमध्ये चढायला शिकवलं, त्याला स्वतःच्या गावात त्याच स्कूटरवरून बसमध्ये चढता येत नाही. हे मला सोसत नाही, आणि याबद्दल नगरसेवकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा ह्यांनी लिहायला घेतला आहे. त्यात मापं बरोबर पडली आहेत ना, ते तुम्ही तपासून द्यायचं आहे.

आणखी एक काम आहे. आईंनी स्वतःची स्कूटर घ्यायचं ठरवलं आहे, पैसे त्यांच्या पेन्शनमधून, आम्ही मध्ये बोलायचं नाही अशी अट आहे. दुकानात तुम्ही बरोबर हवेत, असं त्यांचं म्हणणं आहे. ह्यांनी तुमची स्कूटर मागच्या भागात उभी राहील एवढी मोठी गाडी बघून ठेवली आहे, चढवायला तुमच्या दारातला रॅम्प नेऊ. रविवारी सकाळी जमेल का, तेवढं काकूंकडे निरोप ठेवून कळवावं.

आपली,
समोरच्या वाड्यातली सून