कौलं फोडून झाली, आता छत्री धरायला शिकवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात दापोली तालुक्यातल्या एका शाळेचं छायाचित्र आलं होतं. पांढरे पोशाख, डोक्याला भगव्या पट्ट्या, ओळीत उभ्या राहून मुली लाठी फिरवताहेत आणि खाली ओळ, ‘विद्यार्थिनींनी गिरवले स्वसंरक्षणाचे धडे’. त्यातली एक माझी भाची. कार्यक्रमाला मीही होते, मागच्या बाकावर. म्हणून हे पत्र.

कार्यक्रम झकास झाला यात वाद नाही. लाठी झाली, दांडपट्टा झाला, एका पोराच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापून झालं. शेवटी प्रशिक्षकांनी मुलींकडून कौलं फोडून घेतली. दोन बाजूंना चिरे, मध्ये आडवं मंगलोरी कौल, वर हाताची कड. खाड्‌कन आवाज, टाळ्या, प्रमाणपत्र. (आमच्याकडे वांदर रोज याहून जास्त कौलं फोडतात. त्यांचा फोटो कोणी छापत नाही.)

घरी येताना पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, मी भाचीला विचारलं, “समज, कोणी तुझं मनगट धरलं, तर काय करशील?” ती म्हणाली, “आत्ये, ते नाही शिकवलं.” मी धरलं. तासाभरापूर्वी कौल फोडणारा तो हात तिने सरळ मागे ओढला. ती जितकी ओढते तितकी माझी पकड आवळते. शेवटी रडकुंडीला आली, तेव्हा सोडलं. मी साठीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारी बाई. माझ्या जागी कोणी धडधाकट माणूस असता तर?

मर्दानी खेळांशी माझं वैर नाही. उलट त्यावरच मी वाढले. माझे बाबा मच्छीमार बोटीवर होते. पावसाळ्यात बोटी वर काढल्या की दोन-अडीच महिने हाताला काम नसे, तेव्हा ते आम्हा पोरांना हर्णैच्या वाळूत लाठी शिकवायचे. काठी चिवारीच्या बांबूची, उंची आपापल्या कानापर्यंत. पण पहिला पंधरवडा ती हातात मिळायचीच नाही. “बाय, काठी ऱ्हाव दे. आदी पाय बग.” गुडघे सैल, टाचा हलक्या, वार येतो त्या रेषेतून तिरकं बाहेर पडायचं. मागे सरळ सरकलात की ते काठीने पायावर टोचायचे. याला ते पवित्रा म्हणत. लाठी फिरवायला लागलो तेव्हा आम्हाला वाटलं, हाच खरा खेळ. तर एक दिवस त्यांनी मला बोटीवर नेलं आणि म्हणाले, इथे फिरव बघू. एका बाजूला डोलकाठी, दुसरीकडे जाळ्यांचा ढीग, वर दोऱ्या. पहिल्याच फेऱ्यात लाठी दोरीत अडकली. मग त्यांनी वल्हं हातात घेतलं. एक हात टोकापाशी, दुसरा मध्यावर, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. फिरवणं नाहीच, पुढे सरळ खुपसायचं आणि तितक्याच वेगाने मागे घ्यायचं. समोर सुवर्णदुर्ग दिसत होता. आंग्र्यांच्या गलबतांवर माणसं काय करत असतील ते मला ठाऊक नाही, पण गलबतावर कोणी गरगर लाठी फिरवत नसणार एवढं त्या दिवशी कळलं.

पट्ट्याचंही तेच आहे. २०२४ साली आपल्या सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं, ऊर भरून आला. पण पट्टा चालतो कसा ते पाहा. मूठ खोबळ्याच्या, म्हणजे हातावर चढवायच्या लोखंडी आवरणाच्या, आत असते, खोबळा कोपराकडे चढलेला, मनगट मुळी वळतच नाही. त्यामुळे वार मनगटाने होत नाही. खांदा, कंबर आणि पाय यांनी होतो. एकाने चहूबाजूंच्या गर्दीला लांब ठेवायचं, यासाठी ते हत्यार. त्याला भोवती दहा हात मोकळी जागा लागते. आमच्या पोरींवर प्रसंग येतो तो एसटीत, जिन्यात, पाखाडीवर, दोन गडग्यांच्या, म्हणजे दगड रचलेल्या कुंपणांच्या, मधल्या पाणंदीत. तिथे पट्टा नसतो आणि असला तरी उपयोग नाही. पट्ट्यातलं पोरींच्या कामाला येईल ते कंबरेखाली आहे. नेमकं तेच स्नेहसंमेलनात दिसत नाही, कारण टाळ्या पात्याला पडतात.

मी एसटीत वाहक होते, बावीस वर्षं. २००६ सालच्या शिमग्यातली गोष्ट. दापोलीहून शेवटची गाडी, मुंबईचे चाकरमानी, पिशव्या, पोरं, उभ्याला जागा नाही. माझ्या डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्यात तिकिटं छेदायचा पंच. मधल्या बाकाशी एक जण पिऊन तर्र. तिकीट मागितलं तर त्याने माझं डावं मनगटच धरलं आणि काहीबाही बोलायला लागला. खरं सांगते, पहिला विचार अब्रूचा नव्हता, तिकिटांचा होता. ट्रे कलंडला असता तर हरवलेल्या तिकिटांचे पैसे माझ्या पगारातून गेले असते. दुसरा विचार आलाच नाही. लहानपणापासून शिकलेल्या लाठीतलं एक अक्षर आठवेना.

तेवढ्यात आसूदचं वळण आलं. गाडी कलली आणि गुडघे आपोआप वाकले, बोटीवर वाकायचे तसे. तोल माझ्याकडे आला, त्याचा गेला. पकडीत चार बोटं एका बाजूला असतात आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला. दार तिथे असतं. मी कोपर माझ्या पोटाशी आणलं आणि मनगट त्याच्या अंगठ्याकडे वळवून उपसलं. सुटलं. उजव्या हातातला पंच त्याच्या टाळक्यात घालायचा मोह झाला होता. मी तो लोखंडी दांड्यावर तीनदा आपटला आणि ओरडले, “हात लावायचा नाही!” सगळी गाडी गप्प. मग दोरी ओढली, एक घंटी. ड्रायव्हर दादांनी जागच्या जागी गाडी उभी केली. पुढचं लोकांनी आणि पोलिसांनी पाहिलं. ट्रेमधलं एकही तिकीट पडलं नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

त्या रात्री जे उपयोगी पडलं त्यात लाठीचा एकही फेरा नव्हता. पण पवित्रा होता, आणि वाकलेले गुडघे होते. जुन्या विद्येतलं काय घ्यायचं आणि काय शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी ठेवायचं, हे कोणीतरी बसून निवडायला हवं.

निवृत्त झाल्यावर मी ते माझ्यापुरतं सुरू केलं. रविवारी ओहोटीला, वाळूवर. सध्या अकरा मुली आहेत आणि मासळी विकणाऱ्या तिघी बायका. टाचेने वाळूत दोन समांतर रेघा ओढते, मध्ये अंतर जेमतेम एक हात. ही एसटीची मधली वाट. जे करायचं ते या रेघांच्या आत. पाय बाहेर गेला की तिकीट फाटलं.

हत्यार म्हणजे छत्री. कोकणात जून ते सप्टेंबर ती प्रत्येकीच्या हातात असतेच. आणि पाठीवरचं दप्तर. आपल्याकडे फरी-गदगा म्हणून खेळ आहे. एका हातात फरी, म्हणजे लहान ढाल, दुसऱ्यात गदगा, म्हणजे चामडं चढवलेला आखूड दांडा. (मुली सुरुवातीला ‘फरी-गडगा’ म्हणायच्या. गडगा घालायला आमच्याकडे गडी मिळत नाही, हातात धरून कुठे फिरणार!) तर दप्तर ही फरी, मिटलेली छत्री हा गदगा. दप्तर पुढे घ्यायचं, छातीशी नाही, हातभर पुढे, म्हणजे अंतर राहतं. गदग्यातले शीर, तमाचा, बाहेरा हे वार मात्र मी सोडून दिले. डोक्यावरून छत्री हाणायला गेलं की एसटीत ती सामानाच्या फळीला लागते, आणि नाही लागली तर समोरचा ती धरतो. बाबांचं वल्हं तेवढं ठेवलं. एक हात मुठीशी, दुसरा मध्याच्या पुढे, कोपरं अंगाला, बरगड्यांच्या खाली सरळ एक खुपस, मागे, आणि जागा झाली की पळायचं. पडलेल्याला बघत उभं राहायचं नाही, दुसरा वार नाही, सूड तर नाहीच.

केस धरले तर? धरणाऱ्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे ओढ लागत नाही, आणि मग खाली बसायचं. मागून मिठी मारली तर टाच त्याच्या पावलावर, बोटांवर नाही, वरच्या फुगीर हाडावर. ओढणी सरावाआधी कंबरेला बांधायची. बाबा सांगत, जुनी माणसं रुमालाच्या टोकाला पैसा बांधून तो चाबकासारखा फिरवत, त्याला बिनोट म्हणतात. एका मुलीने ओढणीला चाव्यांचा जुडगा बांधून ते करून पाहिलं. जुडगा तिच्याच कानावर बसला. तो धडा बंद.

सुऱ्याचं मी शिकवत नाही. पोरं विचारतात, जांबिया कसा हिसकावतात ते दाखवा. बाबा आणि त्यांचे दोस्त तो डाव दाखवायचे, आधी ठरवून, वर्षानुवर्षं सराव करून. तरी बाबांच्या तळहातावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वण होता. कोणी सुरा काढला तर मोबाइल द्या, पर्स द्या, लांब फेका आणि उलट्या दिशेला पळा.

वर्गात सगळ्यात लवकर शिकल्या त्या मासळीवाल्या. डोक्यावर पाटी घेऊन ओल्या पाखाडीवरून उतरायची सवय, त्यामुळे पवित्रा त्यांना शिकवावाच लागला नाही. ट्रॅकसूट आणि बूट घालून सभागृहात सराव केलेल्या मुली मात्र चपलांवर घसरल्या. शाळांनी निदान एवढं करावं, सराव गणवेशात, रोजच्या चपलांत, जिन्यात आणि बसच्या दारात घ्यावा. पावसात पाखाडीवर शेवाळ असतं तेव्हाही घ्यावा.

आता अवघड भाग. तिसऱ्या की चौथ्या रविवारी नववीतल्या एका मुलीने विचारलं, “मावशी, माणूस ओळखीचा असेल तर?” बाकीच्या एकदम वाळूकडे बघायला लागल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत की बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. शेजारचा, नात्यातला, शिकवणीचा. त्याच्यावर छत्री कोण उगारणार? मी म्हटलं, आज छत्र्या खाली ठेवा. मी काका होते, तुम्ही मला म्हणा, “काका, हात काढा.” एवढंच. ज्या पोरी लाटांवरून पलीकडच्या बोटीला हाक मारतात, त्यांच्या तोंडून हे तीन शब्द निघेनात. एक हसली, एक पुटपुटली, एकीला रडू आलं. अर्धा तास गेला. शेवटी ज्या मुलीने विचारलं होतं तिनेच म्हटलं, नीट, डोळ्यांत बघून. मग एकेक करून सगळ्यांनी. त्यानंतर आम्ही वाळूत मोठ्या आकड्यांत लिहिलं, मुलांसाठी १०९८, कोणत्याही संकटात ११२. आणि प्रत्येकीने एका मोठ्या माणसाचं नाव ठरवलं, जिला किंवा ज्याला ती हे सांगेल. ते नाव मला सांगायचं नाही, मनात ठेवायचं.

पालक विचारतात, पोरीने मारलं आणि उद्या तिच्यावरच केस झाली तर? स्वतःचा बचाव हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, हे ३७व्या कलमात आहे. पळून जाणाऱ्याच्या मागे धावून त्याला बडवलं तर तो बचाव राहत नाही. एक खुपस आणि पळ, हे कायद्यातही बसतं.

समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं, शाळेला महिना ५,००० रुपये. तीन महिने कमी नाहीत. पण त्यातले अडीच महिने शेवटच्या दिवसाच्या प्रात्यक्षिकासाठी रांगा जुळवण्यात गेले तर मुलीच्या हाती प्रमाणपत्र उरतं. माझी विनंती प्रशिक्षकांना आहे, शिक्षण खात्यालाही आहे. लाठी ठेवा, पट्टा ठेवा, तो आपला वारसा आहे आणि पोरींचे खांदे त्याने मजबूत होतात. पण तीन महिन्यांतला निम्मा वेळ त्या हातभर रुंद वाटेला द्या. कौलं नका फोडू, आजकाल मिळतही नाहीत. आणि तो ‘काका, हात काढा’चा तास बाई शिक्षकाने घ्यावा, दार लावून, फोटोग्राफर न बोलावता.

कोणा प्रशिक्षकांना बघायचं असेल तर आमचा वर्ग रविवारी हर्णैच्या किनाऱ्यावर असतो. वेळ घड्याळाची नाही, ओहोटीची, तेव्हा आधी मासळीवाल्यांना विचारून निघावं. येताना एक जुनी छत्री आणावी, तारा तुटलेली चालेल. गेल्या महिन्यात आमच्या चार मोडल्या.

आपली,
एक निवृत्त एसटी वाहक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता पत्रासोबत जोडला आहे, कृपया छापू नये.)