कंपवात: थरथरीपलीकडचा दाह

महोदय,

पार्किन्सन अर्थात कंपवाताविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते, ते बहुधा डोपामिन या हालचालींना लागणाऱ्या मेंदूतील रसायनाची कमतरता आणि हातांची थरथर यांपाशीच थांबते. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात हे खरेच; पण त्या मरत असताना मेंदूत जो दाह (इन्फ्लमेशन), म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची प्रतिक्रिया, चालू असतो, त्याबद्दल कुटुंबीयांना फारसे कोणी सांगत नाही.

१९८८ मध्ये संशोधक मॅकगीर व सहकाऱ्यांना मृत रुग्णांच्या मेंदूत, सबस्टान्शिया नायग्रा या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असलेल्या भागात, मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी चेतलेल्या अवस्थेत आढळल्या. एरवी साफसफाई करणाऱ्या या पेशी दीर्घकाळ चेतलेल्या राहिल्या, की त्यांनी सोडलेली रसायने शेजारच्या धडधाकट चेतापेशींनाही इजा करू शकतात. घडण बिघडलेले आल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन मायक्रोग्लियांना चेतवते आणि मेलेल्या चेतापेशी त्यात आणखी भर घालतात. यात आधी काय घडते, याविषयी संशोधकांचे अजून एकमत नाही.

दादरच्या आमच्या रुग्ण-कुटुंबांच्या बैठकीत हल्ली हमखास विचारले जाते, की दाहच असेल तर आयब्युप्रोफेन ही दाह कमी करणारी वेदनाशामक गोळी का घेऊ नये? ही गोळी नियमित घेणाऱ्यांत कंपवात कमी आढळल्याचे निरीक्षण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले खरे. परंतु त्यावरून जडलेला आजार थोपतो असे सिद्ध होत नाही, आणि उतारवयात जठरातील रक्तस्राव व मूत्रपिंडांना होणारी इजा हे धोके मात्र खरे आहेत. केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांनी हे कृपया ध्यानात घ्यावे.

घरच्यांच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट निराळीच आहे. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झाला, की कंपवाताची लक्षणे एकाएकी बळावतात, आणि त्यामागे शरीरातील दाहाचाही हात असावा असे मानले जाते. गेल्या पावसाळ्यात माझे यजमान बघता बघता खुर्चीतून उठेनासे झाले, घासही हातात धरवेना. आजारच वाढला असे समजून आम्ही लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाचा डोस वाढवून मागितला. डॉक्टरांनी आधी लघवी तपासून घ्यायला सांगितले. संसर्ग निघाला, त्यावर उपचार झाले आणि ते पुन्हा आपले आपण उठू लागले.

११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन दिनानिमित्त आपण जी माहिती छापाल, तीत अशा अचानक बिघाडाच्या वेळी ताप, खोकला आणि लघवीची तपासणी यांचा उल्लेख अवश्य करावा, ही विनंती.

— एका रुग्णाची पत्नी, दादर, मुंबई